निळ्यातला ऱ्हस्व

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. औषधांच्या वेळा, खाणंपिणं, लघवी, आणि तोंडातून एखादा शब्द निघालाच तर तो शब्द. "जसा कानाला येईल तसा लिहा, काका," म्हणाले.

अडतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांनी लिहायचं आणि मी त्यांच्या चुका काढायच्या, अशी कामाची वाटणी होती. स्वतः लिहायचं म्हटलं की हात आखडतो. म्हणून आधी पट्टी घेऊन पानापानाला समास आखला, दोन बोटं रुंद. त्यातच दुपार गेली.

बायकोला झटका आला त्याला आज एकवीस दिवस झाले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीत गेलं. कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात; शब्द तेवढे सापडत नाहीत. दुसरा झटका येऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही, असंही म्हणतात. ज्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची ती पस्तीस वर्षं प्रमुख होती, तिथूनच तिला गेल्या आठवड्यात घरी आणलं. पुढच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी खाट लावली आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मावशी असतात. पगारी मावशी, नात्यातल्या नव्हेत, पण हाक तीच. बाकी वेळ मी.

दूध अर्धा पेला. शब्द नाही.

१४ फेब्रुवारी

ती बोलली!

बाथरूममध्ये तिला धरायला दांडी बसवायची म्हणून सकाळी तिथली फळी रिकामी केली. अर्धवट बाटल्या, गंजलेली ब्लेडं, दगड झालेले साबण. आपल्या बाथरूमच्या फळीवर काय काय असतं हे मला लग्नानंतर त्रेचाळीस वर्षांनी कळलं. एका बाटलीचं बूच सैल होतं, बोटांना शाई लागली. माझीच कधीची तरी असणार. सगळं टोपलीत भरलं आणि तिच्या खाटेशेजारून अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

मी दाराशी पोचलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला. वळून पाहतो तर ही डावा हात उचलून खिडकीच्या दिशेने काहीतरी दाखवतेय. "काय? पुन्हा म्हण," म्हटलं. पुन्हा म्हणाली. मावशी धावत आल्या. तिसऱ्यांदा म्हणाली आणि रडायला लागली. मलाही आवरलं नाही. टोपली बाहेर रिकामी करून आलो, हात घासून धुतले (शाई निघाली नाही) आणि वही घेतली.

शब्द : आधी कानाला आलं तसं 'नीळ' लिहिलं, मग ते खोडलं. जीभ जड आहे, त्यामुळे ती पहिली इ लांबवते आणि शेवटचा अनुस्वार खाते. 'निळं' म्हणायचं आहे. नि ऱ्हस्व. खिडकीबाहेर आज आकाशात एक ढग नव्हता. खोडलेला मजकूर परत हवा असला तर त्याच्याखाली टिंबं देऊन समासात 'राहू द्या' लिहायची सोय आमच्या धंद्यात असते. इथे तशी शंका नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना आठवलं आणि हात तिथेच थांबला.

वीसेक वर्षांपूर्वी बागकामाच्या एका पुस्तकाची मुद्रितं मी घरी आणली होती. त्यात निळ्या फुलांचं एक पानभर रंगीत चित्र होतं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आपल्याकडे येतील का हो अशी?" मी मान वर न करता सांगितलं, "आपल्या उन्हात निळं टिकत नाही. चहा टाक." तिने चहा टाकला. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, मीही नाही.

इतकी वर्षं मनात ठेवलं असेल. बाकी सगळे शब्द गेले आणि तेवढा राहिला.

खिडकीसमोर अंगणाचा तुकडा आहे, दहा पावलं लांब आणि सहा रुंद. फुलवायचा. तिला खाटेवरून दिसेल असा, निळाच.

१६ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, शाळेत शिकवते, सुट्टी लागल्यावर येणार आहे. फुलांचं सांगितलं.

"बाबा, आईला फुलांची आवड कधी होती? घरात फुलदाणीसुद्धा चालायची नाही तिला. पाणी सांडतं, डाग पडतात म्हणून ओरडायची."

"माणूस सगळंच बोलून दाखवत नाही."

"तुम्हाला बोलून दाखवत नसेल."

फोन लवकर ठेवला. ही मुलगी आईवर गेली आहे.

कुंपणावर गोकर्णाच्या वेलीचं रान माजलं होतं. न लावता आलेली, कोणी पाणी न घालता वाढलेली. नव्या रोपांना जागा हवी म्हणून कापून काढली. मावशी म्हणाल्या, "अहो, हिलापण निळीच फुलं येतात की." म्हटलं, मावशी, रस्त्याकडेला उगवतं ते फूल वेगळं आणि मुद्दाम लावलेलं वेगळं.

२० फेब्रुवारी

रोपवाटिकेत जाऊन आलो. दारावरच पाटी : 'नीळी फुले मिळतील.' खिशातला पेन बाहेर आलाच. दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली. रोपवाला धावत आला.

"काका, काय चाललंय?"

त्याला समजावलं. 'नीळ' हा शब्द एकटा असला की दीर्घ. त्याला पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. निळा, निळी, निळं, सगळे ऱ्हस्व.

"नीळ म्हणजे ती कपड्यांना घालतात ती?"

"तीच. एकटी असते म्हणून दीर्घ."

"माझी बायको म्हणेल, मीपण घरात एकटीच असते, मलापण दीर्घ करा," म्हणाला आणि स्वतःच हसला. माणूस वाईट नाही, पण जांभळ्याला निळं म्हणून खपवतो. चार झाडं नाकारल्यावर मागून हायड्रेंजियाची तीन रोपं काढून दिली. थंड हवेतलं झाड आहे. "इकडच्या उन्हात अवघड आहे, काका. सावली द्या, आणि मातीत तुरटी घाला, म्हणजे फूल निळं येईल. नाहीतर गुलाबी." वर कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलाच्या बियांची एक पुडी दिली.

तुरटी म्हणजे दाढीनंतर लावायची तीच. माझ्याकडची एक गोष्ट तरी उपयोगी पडली.

शब्द : 'निळं', चार वेळा. दर वेळी डावा हात चादरीवर आपटते. "लावतोय, लावतोय," असं तिला सांगितलं.

३ मार्च

बोलणं शिकवणारी मुलगी आठवड्यातून एकदा येते. तिच्याकडे चित्रांचा गठ्ठा असतो म्हणून मी तिला चित्रवाली म्हणतो. आज मी तिला सांगून निळी चित्रं वेगळी काढायला लावली. आकाश, समुद्र, मोर, निळी छत्री, फुलं. हवं असेल तर डोळे मिटायचे, नको असेल तर उघडे ठेवायचे, असं ठरवलं होतं.

एकेक चित्र समोर धरलं. सगळ्यांना डोळे उघडे. शेवटी तर छताकडे बघायला लागली. चित्रवाली म्हणाली, "आजोबा, कदाचित रंग नसेल. दुसरं काही असेल." मी म्हटलं, फुलांच्या चित्रावर ती जरा जास्त थांबली होती, तू पाहिलं नाहीस. थांबली होती. मी पाहिलं.

चित्रवाली निघताना हिने तिच्या ओढणीचं टोक धरलं. पांढरी ओढणी होती. बोटांनी चाचपून 'निळं' म्हणाली आणि सोडून दिली. ओढणीवर निळा ठिपकाही नव्हता.

१२ मार्च

कॉर्नफ्लॉवर उगवले. दोऱ्याइतके बारीक आणि सकाळी अकरानंतर सगळे आडवे.

चादरी मी धुतो. मावशींचं ते काम नव्हे, आणि त्यांना दिवसातून तीनदा बदलाव्या लागतात. तिच्या सहा चादरी आहेत, सगळ्या पांढऱ्या. एकदा मी फुलाफुलांची आणली होती, ती तिने त्याच पावली परत करायला लावली. "रंगीत चादर मळ झाकते. झोपणाऱ्याला कळायला हवं आपण कशावर झोपलोय." इस्पितळातही तिने रंगीत चादर शिरू दिली नाही. मी सगळं एकत्र यंत्रात कोंबतो, पावडर टाकतो, बटण दाबतो. चादरींना आताशा चहाच्या फडक्याचा रंग आला आहे. जुन्या झाल्या असतील. मला एवढं काम पुरे झालं आहे.

आज दोरीवर वाळत घालताना तिने खिडकीतून पाहिलं. 'निळं' म्हणाली, मोठ्याने. शेजारी मी कुंड्या ठेवल्या आहेत, त्या तिला दिसल्या असणार. बरं वाटलं.

२७ मार्च

एक हायड्रेंजिया मेला. दोन राहिले. इस्पितळातून आणलेला कापडी आडपडदा कुंड्यांवर उभा केला आहे. दर दोन तासांनी पाणी. मावशी म्हणाल्या, "काका, बाईंजवळ बसा ना थोडं. दिवसभर बाहेरच असता." म्हटलं, तिच्यासाठीच असतो.

खरं सांगायचं तर खाटेशी बसलं की ती माझ्याकडे बघते. ते डोळे मला सोसत नाहीत. बाहेर निदान खुरपं तरी हातात असतं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

९ एप्रिल

फूल आलं! एका हायड्रेंजियाला, मुठीएवढं. कडेने हिरवट आणि आत निळं. राखाडीकडे झुकतं, पण निळं. शपथेवर सांगतो.

कुंडी उचलून तिच्या खाटेशी नेली. कमरेत चमक भरली. "बघ," म्हटलं, "आपल्या उन्हात आलं." तिने फुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डाव्या हाताने अंगाखालची चादर मुठीत धरून ओढायला लागली, 'निळं' म्हणत म्हणत. चेहरा लाल. मला वाटलं तिला उठून बसून नीट बघायचं आहे. मी आणि मावशींनी उशा लावून तिला बसवलं. तिने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

आनंदाचा ताणही सोसत नसेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

११ एप्रिल

फूल एका दुपारीत करपलं. फक्त तासभर झोपलो होतो.

१७ एप्रिल

चादर ओढून काढायची सवय लागली आहे. दिवसातून सात-आठ वेळा. कोपरा सुटला की हातभर ओढून घेते आणि जमिनीवर टाकते. पाठीखाली नुसती गादी राहते, कातडी सोलवटेल म्हणून मावशी घाबरतात. आज मी चारही कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि खाटेच्या पायांना बांधल्या. घट्ट.

तिने दोनदा ओढून पाहिलं. सुटली नाही. मग 'निळं' म्हणाली, अगदी हळू, आणि हात पोटावर ठेवून पडून राहिली.

शेवटचा हायड्रेंजियाही गेला. कॉर्नफ्लॉवर कधीच संपले. कुंपणावर गोकर्ण मात्र कापल्या जागेवरून पुन्हा फुटला आहे, दुप्पट. पाणी घातलं नव्हतं. मुद्दामच घातलं नव्हतं.

२ मे

गोकर्णाला फुलं लागली. गर्द निळी, मध्ये पांढरा ठिपका. मावशी काही बोलल्या नाहीत हे त्यांचे उपकार.

६ मे

आजचं लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

सकाळी गोकर्णाची ओंजळभर फुलं तोडून तिच्या उशाशी वाटीत ठेवली. पहिल्यांदाच तिचे डोळे चमकले. खरंच चमकले. तिने एक फूल उचललं, डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, संपलं, पोचलो. तीन महिने खपलो त्याचं चीज झालं. तिने ते फूल पाण्याच्या पेल्यात बुडवलं, चादरीवर ठेवलं आणि तळहाताने घासायला लागली. जोरजोरात. माझ्याकडे बघत, 'निळं, निळं' म्हणत. मग दुसरं फूल, मग तिसरं. चादरीवर हातभर निळा डाग पडला.

मी ओरडलो. "एवढं करतो तरी तुझं समाधान नाही! काय हवंय तुला? काय?" वाटी उचलून अंगणात भिरकावली. मावशी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

ती माझ्याकडे बघत राहिली. बोट डागावर तसंच टेकवलेलं.

मला माझी लाज वाटते.

८ मे

तो डाग निघेना. बाकीच्या चादरीही कळकट दिसतात. बाजारातून गडद निळी, पांढऱ्या फुलांची चादर आणली. डाग दिसायचा प्रश्नच नाही, आणि तिला निळंही मिळालं. मावशींनी घातली.

शब्द नाही.

१० मे

दोन दिवस अन्न नाही. चमचा ओठांशी नेला की तोंड मिटते. दूध नाही, सूप नाही, औषधसुद्धा थुंकते. डॉक्टर येऊन गेले. "काका, अशा वेळी माणसं कधी कधी ठरवून टाकतात," म्हणाले. काय ठरवतात हे मी विचारलं नाही. लेकीला फोन केला. ती निघण्याची तयारी करते आहे.

शब्द नाही. तीन दिवसांत एकदाही नाही. मी अंगणात गेलो नाही. खाटेशी बसून राहिलो.

१२ मे

आज स्टार्चबाई आल्या.

या हिच्याबरोबर धुलाई विभागात सव्वीस वर्षं होत्या. चालणं ताठ, बोलणं त्याहून ताठ, म्हणून सगळे स्टार्चबाई म्हणत. हिला त्या मुकादम म्हणायच्या. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे आजवर येऊ शकल्या नव्हत्या. काठी टेकत आत आल्या, खाटेशी गेल्या आणि हिच्या अंगाला हात लावायच्या आधी चादरीला लावला. दोन बोटांत धरून चुरून पाहिली.

"भाऊजी, मुकादमला फुलाफुलांच्या चादरीवर कोणी झोपवलं?"

सांगितलं, पांढऱ्या आहेत, पण पिवळ्या पडल्यात. दाखवा म्हणाल्या. मी कपाटातून गठ्ठा आणून दिला. त्यांनी वरची चादर उघडून खिडकीच्या उजेडात धरली. उलटी करून पुन्हा पाहिली. मग खाटेवर बसल्या आणि हिचा डावा हात हातात घेतला.

"काय गं हे? नीळ नाही घरात?"

ही म्हणाली, "नीळ."

तीन महिने मी ऐकतो आहे तसाच तो शब्द. तसाच लांब, तसाच तोडलेला. कोणी मीठ मागावं इतक्या सहज स्टार्चबाईंनी मान डोलावली. "हो, नीळ. आणते हं. उद्या सगळ्या काढू आपण." आणि हिने डोळे मिटले. हवं असेल तर मिटायचे, असं ठरलं होतं.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. "मी फुलं लावत होतो," म्हटलं.

"फुलं?" त्यांनी बाहेर कुंड्यांकडे पाहिलं, करपलेल्या काड्यांकडे, आडपडद्याकडे. "हिला?" हसू आलं होतं त्यांना, पण माझं तोंड पाहून गिळलं. "काय बोलावं तुम्हाला, भाऊजी. बाथरूमच्या फळीवर निळीची बाटली नसायची का? सगळं आयुष्य त्या बाटलीशेजारी गेलं हिचं."

त्या दिवशी माझ्या बोटांवर शाई होती. दोन दिवस निघाली नव्हती. टोपली घेऊन मी तिच्या डोळ्यांसमोरून गेलो होतो.

संध्याकाळी तिने चार चमचे दूध घेतलं.

१३ मे

स्टार्चबाई खुर्ची टाकून बाथरूमच्या दारात बसल्या आणि मला कामाला लावलं. बादलीभर पाण्यात अर्धं बूच. आधी ढवळायचं, मग कपडा. कपडा आधी टाकला तर चट्टे पडतात. नुसता बुडवायचा, मुरवायचा नाही. मी पहिल्या चादरीवर थेट बाटलीतून ओतली. "अहो, चादर आहे, नकाशा नाही," म्हणाल्या आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढायला लावली. हातावर पाणी उडालं की ओळखीचा डाग पडायचा.

पिवळ्याला मारायला निळा लागतो, म्हणून मग पांढरं दिसतं. सत्तर वर्षांचा होऊन हे मला माहीत नव्हतं. पांढरे सदरे मात्र मी जन्मभर घातले.

सहाही चादरी दोरीवर एका ओळीत. खिडकीतून ती बघत होती. मी आत गेलो तर तिने मला हाताने बाजूला व्हायची खूण केली. मी मध्ये येत होतो.

दुपारी वाळलेली चादर घातली. नाड्या आधीच कापून टाकल्या होत्या. तिने डावा तळहात चादरीवर टेकवला आणि हळूहळू फिरवला, उशीपासून कमरेपर्यंत, जिथवर हात पोचेल तिथवर. एके ठिकाणी बोट थांबलं. तिथे नखाएवढा चट्टा राहिला होता. तिने तो मला दाखवला आणि भुवया उंचावल्या. इस्पितळातल्या पोरींकडे ती अशीच बघायची म्हणे. पोरी चळचळा कापायच्या.

"चुकलं," म्हटलं. "पुढच्या वेळी नीट करेन."

ओठांचा डावा कोपरा हलला. नंतर ती सलग चार तास झोपली.

१८ मे

खाणं थोडं थोडं. रोज एक चादर निळीतून काढतो. चट्टे नाहीत.

शब्द नाही. आता मी कान टवकारून बसतो तर ती बोलत नाही. काल मीच जवळ जाऊन म्हणून पाहिलं, "नीळ?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. झालं, आता काय, असं.

पण मिळून किती दिवस? तीन महिने ती त्या कळकट कापडावर पडून होती. पस्तीस वर्षं हजारो अनोळखी माणसांना तिने पांढऱ्या चादरीवर झोपवलं, आणि तिला मी. ते मला भरून काढता येणार नाही. बोटाने दाखवलं तिने, हाताने ओढून दाखवलं, फूल घासून दाखवलं. अजून काय करायचं होतं एका माणसाने?

२० मे

लेक आली. आईच्या खाटेशी बसून तिने चादर गालाला लावली आणि म्हणाली, "घरचा वास." फुलांबद्दल तिने काही विचारलं नाही. स्टार्चबाईंनी सांगितलं असावं.

२४ मे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दुसरा झटका. गेली. लेक जवळ होती, मी चहा टाकत होतो.

न्यायला आलेल्या माणसांनी कपाटातून हाताला लागली ती गडद फुलांची चादर ओढली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दोरीवरची आणली. उजेडात धरून चारही कडा तपासल्या. एकही चट्टा नव्हता. मग दिली.

२ जून

लेक काल परत गेली. मावशींनाही निरोप दिला. गोकर्ण कुंपण सोडून आडपडद्यावर चढला आहे, राहू दे तिकडे.

दुपारी वही घेऊन बसलो. निवृत्त झाल्यापासून बंद असलेला लाल पेन चालतो की नाही पाहिलं. चालतो. पहिल्या पानापासून वाचत आलो. तिच्या तोंडचा शब्द मी या वहीत सात ठिकाणी चुकीचा लिहिला आहे. सहा ठिकाणी छेद देऊन समासात 'नीळ' केलं. रंगाला 'निळं' म्हटलं आहे तिथे हात लावला नाही, ते बरोबरच आहे.

सातवं ठिकाण चौदा फेब्रुवारीचं. तिथे दुरुस्त करायला काही नव्हतं. कानाला आला तसा शब्द मी लिहिला होता, दीर्घ, शुद्ध, आणि लिहून खोडला होता. एकटा असला की दीर्घ, हा नियम मी रोपवाल्याला शिकवला.

त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली. समासात लिहिलं : राहू द्या.